गॅलरीतलं बेट

मंदीनंतरच्या त्या दिवाळीत आमच्या दुबईजवळच्या अजमानच्या घरात फराळापेक्षा काळजीच जास्त शिजत होती. नवऱ्याची कंपनी समुद्रातल्या तेलविहिरींसाठी लोखंडी सांगाडे बनवायची. निम्मी माणसं काढून झाली होती. आता त्याला ठेवायचं की घरी पाठवायचं, ते त्याच्या साहेबांच्या सहीवर होतं.

साहेब शारजाचे, वयस्कर, हिंदी अगदी सहज बोलणारे. त्यांचं लहानपण अबू मुसा बेटावर गेलं, एवढं नवऱ्याला ठाऊक होतं. त्या बेटाभोवती तेल आहे आणि बेट आमचंच, असं इकडचे अरबही म्हणतात आणि पलीकडचं इराणही, पण ताबा इराणचा, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. मग नवऱ्याच्या सुपीक डोक्यातून निघालं, की लेकाचा दिवाळीचा किल्ला यंदा अबू मुसाचा करायचा.

"सर खूश होतील बघ. फराळाला बोलावतो त्यांना."

"किल्ला पोराचा आहे की तुझ्या व्हिसाचा?" मी म्हटलं. पण रांगोळीचा निळा समुद्र मीच घातला.

गॅलरीत मातीचं बेट झालं. त्यावर उगवलेला अळीव, शेजारी काड्यांची तेलविहीर, वर अमिरातीचा झेंडा आणि पुण्याहून आणलेले मावळे, इराणच्या दिशेने तलवारी उपसून.

साहेब आले, गुडघे धरून खाली बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मग लेकाला विचारलं, "मेरा घर किधर है, बेटा?"

"नोबडी लिव्हज देअर, अंकल. ओन्ली ऑइल अँड सोल्जर्स." घरात जे ऐकलं होतं, तेच तो बोलला.

नवरा हसला. पाठोपाठ मीही हसले. साहेबांनी एक मावळा अलगद उचलून बाजूला ठेवला आणि तिथली माती अंगठ्याने दाबली.

"इधर मेरी माँ की कब्र है. बहुत साल हुए, जाने को नहीं मिला."

मग हात धुऊन त्यांनी एक चकली खाल्ली, छान झालीय म्हणाले आणि गेले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरी टिकावी म्हणून आम्ही कुणाच्या तरी आईच्या डोक्यावर तलवारवाला उभा केला होता, आणि वर हसलोही होतो. नवरा "आता गेली नोकरी" म्हणत बसला, त्याचाही संताप आला. लेक रडत असताना मी ते बेट खराट्याने लोटलं, काळ्या पिशवीत भरलं आणि खालच्या कचराकुंडीत टाकून आले. रांगोळीसुद्धा ओल्या फडक्याने पुसली. पुन्हा ते नजरेला पडायला नको होतं.

पुढच्या आठवड्यात नवरा दारातूनच ओरडला, "सही झाली!" मग बूट काढता काढता तो थांबला.

"सर विचारत होते, शुक्रवारी बहिणीला घेऊन येऊ का? आई गेली तेव्हा ती तान्ही होती. आईची जागा तिने कधी पाहिलीच नाही."

"मग काय म्हणालास?"

"इन्शाल्ला म्हणालो," तो म्हणाला, आणि आम्ही दोघांनीही गॅलरीकडे बघायचं टाळलं.