मास्तरांचा मातीचा नाग

गुरुशांतप्पा मास्तर मुळात चित्रकलेचे. गुलबर्ग्यात आमच्या कॉलेजानं साठच्या दशकात त्यांच्याकडं संग्रहालयाची खोली सोपवली ती एवढ्याचसाठी, की पेंढा भरलेल्या पाखरांचे उडालेले रंग दुसऱ्या कुणाला भरता येत नव्हते. मास्तरांनी मात्र ते भलतंच मनावर घेतलं. घुबडामागं चिटगुप्प्याचं माळरान रंगवलं. तुरीच्या शेंगेतल्या अळीचं अंड्यापासून पतंगापर्यंत सगळं आयुष्य चितारलं. बघायला कोणी येत नसे, ती गोष्ट वेगळी. मी शेजारी मराठी शिकवायचो. माझ्या तासाला झोपणारी पोरंसुद्धा तिकडं फिरकत नसत.

शेवटी प्रिन्सिपॉलांनी बजावलं, दिवाळीपर्यंत माणसं आली नाहीत तर खोली टायपिंगच्या वर्गाला. मास्तर हादरले. त्यांनी काळ्या मातीचा फणा काढलेला नाग घडवला, खवला न खवला खरा, आणि रस्त्याकडच्या खिडकीशी मांडला.

आता आपल्याकडं पंचमीला घरोघरी मातीचेच नाग पुजतात. मास्तरांच्या आईनंही जन्मभर पुजले. शास्त्राच्या नादात मास्तर तेवढं साफ विसरले. पंचमीच्या सकाळी गल्लीतल्या बायका दूध-लाह्या घेऊन दारात हजर. पुढं नागव्वा, तुरीच्या रानात मजुरीला जाणारी.

मास्तर दार अडवून उभे राहिले. हा देव नव्हे, नमुना आहे, हे त्यांनी मराठीत सांगितलं, कानडीत सांगितलं. घरचा तरी कुठं खरा असतोय, असं नागव्वानं विचारलं. दूध पडलं तर कच्च्या मातीचा चिखल, बायका परतवल्या तर खोली गेली. मग मास्तर म्हणाले, पूजा लांबून करायची, आणि त्याआधी एकूण एक कपाट बघायचं.

नागव्वा अळीपाशीच अडकली. रानात ती या अळ्या कायम चिरडायची. त्यांना पंख फुटतात हे तिला ठाऊक नव्हतं. ती विचारत गेली, मास्तर सांगत सुटले. इतका आनंदलेला माणूस मी क्वचित पाहिला. बाकीच्या बायका पूजा उरकून घरी गेल्या. त्याआधीच प्रिन्सिपॉल येऊन गर्दी बघून परतले होते. टायपिंगचा वर्ग पुढं माझ्याच खोलीत भरला.

तांब्यातलं दूध नासायला आलं, तेव्हा मीच आठवण केली, "अक्का, नागोबा राहिला की."

"राहू द्या," नागव्वा वळूनही न बघता म्हणाली. "त्याला पुढल्या वर्षी बी पुजता येतंय. हे अळीचं पाखरू रातचंच कामून उडतंय, ते सांगायलेत मास्तर."