बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यातली पाटी

मैत्रिणींनो, दुपारीच बुऱ्हाणपूरहून भुसावळला परतलो. पाय दुखताहेत, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आमच्या ह्यांनी नोकरीभर रेल्वेचं इंजिन चालवलं. आता काचबिंदू झालाय. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून ह्यांनी एकच धोशा लावलाय, दिसतंय तोवर जुनी शहरं बघून घेऊ. मांडू झालं, आग्रा झालं. सगळीकडे हे पाटीसमोर उभे राहून मला इतिहास मोठ्यानं वाचून दाखवतात.

आज किल्ल्यातही पाटी दिसताच थांबले. हमामखाना, छतावरची नक्षी, खालून वाहणारी तापी, सगळं खणखणीत आवाजात वाचलं. मागे उभी असलेली एक मुलगी फिसकन हसली. तिच्या आईनं तिचा हात दाबला.

पाटीवर एवढंच होतं : दीवारों पर नाम न लिखें।

मी हळूच विचारलं, "अहो, नीट दिसतंय ना?"

"माले बठ्ठं दिसस!" हे खेकसले. म्हणे सगळं दिसतं! चिडले की ह्यांची अहिराणी सुरू होते.

मी ह्यांचा हात धरून पुढे निघाले. दुसरं काय करणार?

आत्ता चहा द्यायला गॅलरीत गेले, तर हे फोन कानाला लावून बसलेले. मला वाटलं, भजन ऐकताहेत. जवळ गेले तर फोनमध्ये जयपूरचा इतिहास चालू होता, आणि हे एकेक वाक्य पुटपुटत पाठ करत होते.

माझी चाहूल लागताच म्हणाले, "जयपूरचं तिकीट काढ बरं."

मैत्रिणींनो, काढू का?