चिंचेनं घासलेलं नाणं

परवा लेक देवाची भांडी चिंचेनं घासत होती. त्या आंबट वासानं मी एकदम राजापेठेतल्या घड्याळवाल्या रहीमचाचांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो.

कपाशीनं पाठ फिरवलेली ती वर्षं. बायकोला शिवणयंत्र हवं होतं आणि मला दोन रुपयांचं एक नाणं सापडलं होतं, ज्यावरचं चित्र एका बाजूला सरकलेलं. असल्या नाण्याला शौकीन लोक मोठी किंमत देतात, असं मी ऐकलं होतं. ऐकीव ज्ञानात आमच्या घरी माझाच पहिला नंबर. चार लोकांत न्यायचं नाणं मळकं कसं चालेल, म्हणून बायकोनं ते चिंच आणि राखेनं लख्ख घासून दिलं.

घड्याळांइतकीच नाण्यांचीही पारख असलेल्या चाचांनी डोळ्याला भिंग लावलं. "असली हाये. मार लागून दबलं असतं तर काठ चेपला असता. हा काठ साबूत हाये, चित्र टाकसाळीतच सरकलं."

मी मनातल्या मनात यंत्र घरी आणलंसुद्धा.

मग ते हळूच म्हणाले, "पण घासलं काहून, बेटा? सारे ओरखडे पडले. आता कोणी शौकीन घेत नाई याले."

घरी बायको दारातच उभी होती. "काय म्हनले चाचा?"

"कुठंतरी चेपलेलं नाणं हाये म्हनले. मीच येडा."

ती उंबऱ्यावर बसली. "बरं झालं बाप्पा. मले सकाळपासून भेव वाटून राहिलं होतं, माह्या घासण्यानंच बिघडते का काय."

आमच्या घरात आजही त्याला चेपलेलं नाणंच म्हणतात. मीही म्हणतो.