बापाची पाठ
तोंग देशान सदतीस वर्षांचा झाला, पण गेल्या चोवीस वर्षांत बापासोबत गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात एकदाही गेला नव्हता. चीनमधल्या हेगांगसारख्या कोळसाखाणींच्या गावात ही काय लहान गोष्ट! नववर्षाआधी सगळी पुरुषमंडळी तिथे उघडी होऊन बसतात आणि पोरगा बापाची पाठ घासतो. देशानचं मात्र तेराव्या वर्षापासून काहीतरी निमित्त ठरलेलं. कधी खरूज, कधी पडसं. खरं कारण त्याच्या छातीवर होतं. ती बाईसारखी वाढली होती. शाळेत पोरं त्याला ‘काकू’ म्हणत, म्हणून भर उन्हाळ्यातही तो जाड सदरा घालून घामाघूम होई.

यंदा त्याने मनाचा हिय्या केला आणि शहर गाठलं. लू डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "कॅन्सर-बिन्सर काही नाही. काखेत बारीक भोक पाडून दुर्बिणीने आतली गाठ काढू. छातीवर वण राहणार नाही. महिनाभर घट्ट बंडी मात्र घालायची."

"आणि न्हाणीघरात जायला?"

"महिना झाला की खुशाल जा."

नववर्षाआधी बरोबर महिना भरत होता. ऑपरेशन करून तो शहरातच राहिला, घरी कळू दिलं नाही. बापाला फोनवर एवढंच म्हणाला, "बाबा, यंदा तुमची पाठ मी घासणार."

"तू?" म्हातारा खोकत हसला. "पाठ कसली, नुसती हाडं उरलीत. ये, ये."

ऑपरेशनला तीन आठवडे झाले आणि म्हातारा झोपेतच गेला. आठच दिवस थांबायचं होतं, पण मरणाला कसली घाई असते कोण जाणे.

प्रेताला आंघोळ घालायला देशान बसला. न्हाणीघरात लोकांच्या पाठी घासून देणारा मा नावाचा म्हातारा मदतीला आला होता. दोघांनी मिळून प्रेत कुशीवर वळवलं. खाणीतल्या जखमांत कोळसा भरून राहिलेला, त्याचे निळे डाग पाठभर होते.

"चोवीस वर्षं ही पाठ मी घासली," मा म्हणाला. "दर वेळी तुझा बाप म्हणायचा, ‘पोराला या डागांची किळस येते रे. चारचौघांत लाज वाटत असेल.’ तुला एवढंही कळलं नाही होय?"

देशानचा हात थांबला. त्याने कोट काढला, सदरा काढला, बंडी सोडली. मा बघतच राहिला. उघड्या, सपाट छातीने देशान बापावर वाकला आणि पाठ घासू लागला.

"बाबा, लाज तुमची नव्हती हो," तो म्हणाला. "माझी होती."