भिंतीवरची आग

पहिल्या निवडणुकीच्या वेळी मी जालन्यात पाट्या रंगवायचो. एका उमेदवाराच्या कार्यकर्त्याने पोस्टरांचं काम दिलं. म्हणाला, "अक्षरं कमी कर, आग मोठी कर. गावात वाचतंय कोण?"

मी जळतं घर काढलं. एक दार, बाजूला कडुनिंब, छपरातून ज्वाळा. वर जाड लाल अक्षरांत ‘सावधान!’, खाली ‘ते दिवस पुन्हा नकोत’. आग लावणारा माणूस मात्र काढला नाही. ती रिकामी जागा बघणारा आपल्या भीतीने भरेल, ही माझीच युक्ती. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनच्या आगेमागे गावोगावी घरं जळाली होती. कुणी काही विसरलं नव्हतं.

टेंभुर्णीत बाजाराच्या तोंडावर एकच चुन्याची पांढरी भिंत होती. खळ फासून तिथे पोस्टर डकवलं. घर कुणाचं, ते विचारलं नाही.

ते एका मुसलमान शिंप्याचं होतं. पुढच्या बाजाराला गेलो, तर लोक एकदा चित्राकडे, एकदा त्याच्या दाराकडे बघत होते. दाराशी कडुनिंब होता, मी काढला तसाच.

"चाचा, तुमच्या घराचा फोटू लई झ्याक निघालाय!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

शिंपी माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "बाबू, बराबर सांग. कधी येणार हायेत?"

"कोण, चाचा?"

"आग लावणारे. कागद लावून गेले ना आधी."

"अहो, निवडणुकीचा कागद आहे तो."

"मंग दुसऱ्याच्या घराला का न्हाई लावला?"

आत त्याची बायको गाठोडी बांधत होती. शिलाई मशीन गोणपाटात गुंडाळलेलं. मी कागदाला हात घातला, तेवढ्यात माझ्याबरोबर बाजाराला आलेला तो कार्यकर्ता कानाशी म्हणाला, "फाड खुशाल. मंग तू कोणाचा, ते लोक तुलाच इचारतील."

लोक बघतच होते. मी हात मागे घेतला.

बाजार उठेपर्यंत हॉटेलात बसून राहिलो. मग खरवडायला गेलो. खळ मीच घट्ट शिजवली होती. कागदाबरोबर चुनाही निघायला लागला. शिंप्याने स्वतः तांब्याभर पाणी आणून दिलं. मशीन तोवर बैलगाडीत चढलेलं होतं.

"निघाला, चाचा. आता राहा."

"कागद निघाला, बाबू. लोकायनं पाह्यलं, त्याचं काय?"

गाडी वळणापलीकडे गेली, तेव्हा त्याचा तांब्या माझ्याच हातात होता.