पिंजऱ्यातली जाडी

माझ्या वहिनीला आमच्याकडे चेष्टेनं 'उंदरांची आई' म्हणतात. मला त्या चेष्टेचा संताप येतो, कारण तिला स्वतःचं मूल नाही आणि तिला ते अगदी जीव तोडून हवंय. एका संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर ती उंदरांचे पिंजरे सांभाळते. खालचा भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या उलट्या अडकवायच्या, खाण्याच्या गोळ्या तोलून टाकायच्या. कितीही आंघोळ केली तरी अंगाचा भुशाचा वास जात नाही.

तिची पाळी वेळेवर येत नाही, रक्तात साखर सापडली आणि अंग सुटलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "गोळ्या घ्या, उपाशी राहू नका. पुढच्या वेळी नवऱ्याला आणा, त्यांचीही तपासणी लागेल. आता उशीर नको."

आमच्या आईसमोर हे सगळं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! "आधी तोंडाला कुलूप घाल, मग डॉक्टर," हे तिचं ठरलेलं. वहिनीच्या ताटातला भात ती स्वतःच्या हातानं परत पातेल्यात टाकायची. आणि दादा? अळीमिळी गुपचिळी. "वजन उतरू दे, मग जाऊ," एवढंच त्याचं पालुपद. वहिनी निमूट सोसायची आणि मी चडफडायची.

मग वहिनीनं कामावर एक घोळ घातला. एका पिंजऱ्यात एक लठ्ठ, रक्तात साखर वाढलेली उंदरीण होती, वहिनी तिला जाडी म्हणायची. नराबरोबर ठेवूनही तिला पिल्लं होत नव्हती. वहिनीला वाटलं, ही खादाड आहे, खाणं तोडलं की कूस उजवेल. कुणाला न विचारता तिनं जाडीच्या गोळ्या निम्म्यावर आणल्या. शेवटी सून कुणाची!

जाडी मलूल झाली, पण साखर उतरली नाही आणि पिल्लंही झाली नाहीत. संशोधक बाईंना कळलं तेव्हा त्या कडाडल्या, "अहो, ती खादाड नाहीये! इन्सुलिन हाक मारतं, पण ती हाक आत पोचवणारं एक प्रथिनच हिच्यात जन्मापासून नाही. म्हणून साखर रक्तात फिरत राहते, पोट भरल्याचं मेंदूला कळत नाही, आणि बीज पिकवायचा निरोपही नीट जात नाही. उपाशी ठेवून ते प्रथिन येणारे का?"

संध्याकाळी वहिनी मला जिन्यातच भेटली. चेहरा रडवेला. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गं मी."

"आणि तुझं काय?" मी विचारलं.

"बाईंना विचारलं मी. म्हणाल्या, तुमच्यात ते प्रथिन असणार, पण शरीर हाकेला ओ देत नाहीये. गोळ्या त्यासाठीच आहेत."

जेवताना तिनं सगळ्यांना हे सांगितलं. आईनं छातीवर हात ठेवला. "अगं बाई! मुक्या जिवाला उपाशी मारलंस? खोट जन्माची, त्यात त्या बिचारीचा काय दोष?" तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मला वाटलं, सुटलो, कळलं हिला एकदाचं. कसलं काय! एका हातानं डोळे पुसत दुसऱ्या हातानं आईनं वहिनीच्या ताटातला भात उचलला.

माझं डोकंच फिरलं, पण मी तोंड उघडायच्या आत वहिनीनं आईचं मनगट धरलं. "राहू द्या, आई." असं ती कधीच बोलली नव्हती. मग तिनं दादाकडे पाहिलं. "उद्या दवाखान्यात येताय ना?"

दादानं आधी आईकडे पाहिलं, मग ताटाकडे. "बघू," म्हणाला.

"जाडीच्या नराची तपासणी सगळ्यात आधी केली होती," वहिनी म्हणाली. "त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. शेपटीला धरून उचलला आणि नेला."

मला हसूही आलं आणि रडूही. दादा मात्र मान खाली घालून जेवतच राहिला.