काकांच्या गळांची फळी

आखातातल्या सलमाबादच्या लेबर कॅम्पात आमच्या खोलीत सहा खाटा होत्या आणि मधे पाऊलवाटेएवढी जागा. ऐंशी साल असेल. त्या पाऊलवाटेवर पडलेला मासे धरायचा गळ एकदा एकाच्या टाचेत घुसला. गळ काकांचा. तसे ते कुणाचेच काका नव्हते. रत्नागिरीकडचे, पन्नाशीचे, खोलीत सगळ्यात मोठे, म्हणून सगळ्यांचे काका. शुक्रवारी सुट्टी असली की मीना सलमान बंदराच्या बाजूला दगडांवर बसून मासे पकडायचे, एवढा एकच शौक त्यांना. सामान सगळं खाटेखाली बिस्किटाच्या डब्यात. गळ, शिशाचे तुकडे, बुचं, तंगुसाची रिळं, सगळ्याचा गुंता.

टाचवाला ओरडला, "काका, हे भिंतीवर तरी लावा, नाहीतर समुद्रात टाका. खलास!"

"मी लावतो भिंतीवर," मी म्हणालो.

मी आणि काका एकाच वर्कशॉपमध्ये एसीचे डक्ट बनवायचो. काका पत्र्यावर मार्किंग करायचे, मी त्यांचा हेल्पर. पत्र्याचे उरलेले तुकडे तिथे ढिगाने पडलेले असत. सिगारेटच्या खोक्यावर मी चित्र काढलं. पॅकिंगच्या पेटीची एक रुंद फळी, तिच्यावर पत्र्याच्या उघड्या कप्प्यांच्या तीन ओळी, हात कापू नये म्हणून प्रत्येक कड आत दुमडलेली. रिळांसाठी चार दांडे. आणि माझी खास कल्पना म्हणजे प्रत्येक कप्प्यावर लाल रंगात गळाचा नंबर.

काकांनी खोकं नाकाजवळ धरून बघितलं. "छान आहे. पण नंबर नको."

"मग कळणार कसं?"

"हात फिरवला की कळलं पाहिजे. मोठ्या गळाच्या कप्प्याला एक खाच मार. मधल्याला दोन, बारक्याला तीन."

"काय काका, डोळे मिटून मासे पकडता काय?"

"गप रे मेल्या. सांगतो तसं कर."

खोलीची भिंत पातळ प्लायवूडची होती. स्क्रू कुठेही मारला तर तो शेजारच्यांच्या खोलीत निघायचा. म्हणून बोटाच्या पेराने ठोकत गेलो. जिथे आवाज बसका आला तिथे मागे लाकडी पट्टी, तिथेच स्क्रू. लेव्हल काही नव्हती. माझा डोळा हीच लेव्हल.

शुक्रवारी पहाटे काकांनी फळीवर बोटं फिरवली आणि बरोबर हवा तो गळ काढला. मान जराशी वाकडी, नजर भलतीकडे, बोटं खाचांवरून चालत चाललेली. मी खाटेवर पडून सगळं टिपून घेतलं. शाळेपासून मला तेच येत होतं. हेडमास्तर, कंपाउंडर, एसटीचा कंडक्टर, सगळ्यांच्या नकला गावात माझ्या करून झाल्या होत्या. इथे कॅम्पात माझी पत होती ती तेवढ्यावरच.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मेसच्या अंगणात सगळे जमले. आमचा पंजाबी फोरमनही जेवायला आला होता. मी नकलेत काका काढले. वर्कशॉपमध्ये काका टेप लावायचे आणि आकडा मलाच वाचायला लावायचे. मला ती त्यांची ऐट वाटायची. तीच उचलली. टेप नाकाला लावली, "बघ रे, किती?" म्हणालो, मग हवेतल्या फळीवर बोटं चालवली. लोक ताटं सोडून हसले. फोरमन हसला, डोळे पुसले आणि थांबला.

"ये रोज तेरे से पढ़वाता है?"

"रोज, साब!" मी काकांच्याच आवाजात म्हणालो.

कुणी हसलं नाही. काका ताट ठेवून उठले.

खोलीत गेलो तर ते खाटेवर बसले होते. "मोतीबिंदू आहे," म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. चार महिन्यांनी सुट्टीवर जाऊन काढणार होतो. तोवर निभलं असतं."

"मला सांगायचं ना, काका."

"तुला सांगायचं म्हणजे लाऊडस्पीकरला सांगायचं." मग म्हणाले, "पण हुबेहूब केलीस हो. मी असा दिसतो होय?"

वर्षभर हा माणूस मी शेजारी उभा राहून बघत होतो. मान कशी वाकते, बोट कुठे थबकतं, सगळं मला पाठ होतं. का थबकतं, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

शनिवारी फोरमनकडे गेलो. "साब, मजाक था. हमारा एक भी डक्ट वापस नहीं आया."

"मालूम है," तो म्हणाला. "कल मशीन में उसकी उंगली गई, तो?" त्याने काकांना लगेच सुट्टीवर पाठवायचं ठरवलं. ऑपरेशन करून यायचं, त्याच्यासमोर टेप वाचायची, तरच काम. "इंशाल्ला," असंही म्हणाला. तसे पाठवलेले काही परत यायचे. काहींची नुसती पत्रं यायची.

काकांनी फळीवरचं काही काढलं नाही. "राहू दे. आलो तर लागतील."

तीन महिने गेले. कुणी फळीच्या दांड्यावर टॉवेल टाकला की मी तो उचलून त्याच्या खाटेवर फेकायचो. लोक म्हणायचे, "अरे, काका काढ ना." येत नव्हतं असं नाही.

काका आले ते सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून. आत डोळे बैलाएवढे. सकाळी फोरमनने टेप पुढे केली. काकांनी सहा मापं वाचली, खणखणीत आवाजात, शेवटच्या रेघेपर्यंत.

"यल्ला, काम पे लगो," फोरमन म्हणाला.

संध्याकाळी काका फळीसमोर बराच वेळ उभे.

"हे वाकडं आहे."

"कुठे?"

"डावीकडे चांगलं अर्धा इंच खाली! मेल्या, असलं लावलंस आणि मी चार लोकांत कौतुक केलं?"

त्या आठवड्याचा शुक्रवार मासे पकडण्यात गेला नाही. फळी उतरवून पुन्हा लावण्यात गेला. मी स्क्रू धरत होतो, काका लांबून बघून "वर, अजून वर" करत होते.

पुढच्या आठवड्यात फोरमनने मला दुसऱ्या टेबलावर टाकलं. काकांना आता वाचणारा लागत नव्हता. चांगलंच झालं. तरी सुरुवातीचे काही दिवस त्यांच्या टेबलावरून टेप ओढल्याचा आवाज आला की माझी मान तिकडे वळायची आणि तोंडापर्यंत आलेला आकडा गिळावा लागायचा.